४७ मॉड्यूल आणि एक दमलेला माणूस

पत्र, थोडं कापून:

"ताई, मी नाशिकचा. २०२१ च्या लॉकडाउनमध्ये कॉलेजच्या ग्रुपचं डी अँड डीचं (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ) कॅम्पेन, म्हणजे एक लांबलचक गोष्ट, सुरू केलं, ते अजून चालू आहे. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मीच. दोघं पुण्यात, एक बंगळुरूला, एक नागपूरला, एक डब्लिनला. दर शनिवारी रात्री साडेनऊला बसतो. फाउंड्री, म्हणजे ऑनलाइन टेबलाचं सॉफ्टवेअर, माझ्या लॅपटॉपवर चालते, त्यात ४७ मॉड्यूल, म्हणजे इतरांनी लिहिलेले जोडतुकडे. मागे एका शुक्रवारी रात्री मी फाउंड्रीच्या आवृत्ती १२ वरून १३ वर अपडेट मारलं. शनिवारी वर्ल्ड (कॅम्पेनची सगळी माहिती) उघडलं तर क्वेस्ट लॉग, म्हणजे मोहिमांची वही, रिकामा, लढाईतलं ऑटोमेशन बंद. बॅकअप नव्हता. आमच्या पुण्याच्या रोगने (खेळात तो चोराचं पात्र खेळतो) क्वेस्ट लॉगच्या मॉड्यूलच्या पानावर जाऊन लिहिलं, 'तुझ्यामुळे आमची चार वर्षं वाया गेली, जमत नसेल तर बनवतोस कशाला.' काही दिवसांनी डेव्हलपरने कोड ठेवलेली रिपॉझिटरीच बंद केली. नोकरी आहे, लहान मूल आहे, वेळ नाही, हवं त्याने फोर्क करा (कोडची प्रत घेऊन पुढे चालवा), एवढंच लिहिलं. मी त्याला वर्षभर महिन्याला तीन डॉलर देत होतो, त्याचं काय? आता ग्रुप म्हणतो की हे हौशी लोकांचं सोड, पैसे भरून कंपनीचं घे. एक जण म्हणतो सगळंच सोड, डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर बॉटने फासे टाकू. मला विचारायचंय ते असं: चार वर्षांचं परत मिळेल का? हौशी लोकांच्या साधनांवर भरवसा ठेवायचा की नाही? आणि त्याने आमच्यामुळे सोडलं का? (ऑफिसात मी जावास्क्रिप्टच लिहितो. फोर्क मीच करू का?)
— मॉड्यूलग्रस्त डीएम"

प्रिय मॉड्यूलग्रस्त,

'आमच्यामुळे का' हा प्रश्न तू खाली टाकलायस, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंयस हे दिसतं. त्याच्याकडे येतेच. आधी क्वेस्ट लॉगचं बघू, कारण तो गेलाय असं मला वाटत नाही.

हे वाचता वाचताच एक काम कर. फाउंड्री पूर्ण बंद कर. तिच्या यूझर डेटाच्या फोल्डरमध्ये 'डेटा' आहे, त्यात 'वर्ल्ड्स', त्यात तुझ्या कॅम्पेनच्या नावाचं फोल्डर. ते जसंच्या तसं पेनड्राइव्हवर कॉपी कर. फाउंड्री चालू असताना मात्र करू नकोस. अकराव्या आवृत्तीपासून आतला डेटाबेस लेव्हलडीबीचा आहे. तो एका फाइलीत नसतो, फाइलींचा गठ्ठा असतो, आणि लिहिणं चालू असताना उचललेला गठ्ठा पुढे उघडेलच याची खात्री नाही. आता जे काही प्रयोग करशील ते कॉपीवर. मूळ वर्ल्डला हात लावायचा नाही.

मॉड्यूल आपली माहिती ठेवतं कुठे, हे बहुतेक डीएमना ठाऊक नसतं, आणि त्यामुळे पाचावर धारण बसते. पुष्कळ मॉड्यूल ती स्वतःकडे ठेवतच नाहीत. तुझ्याच वर्ल्डमधल्या जर्नलच्या, कॅरेक्टरच्या किंवा मॅपच्या नोंदीला ती चिकटवलेली असते. त्या कप्प्याला फ्लॅग्ज म्हणतात. मॉड्यूल बंद पडलं की ती माहिती दाखवणारी खिडकी जाते, माहिती जिथल्या तिथे राहते. तुझ्या जर्नलच्या यादीत क्वेस्टच्या नावाच्या रिकाम्या नोंदी दिसतायत का बघ. दिसत असतील तर जिंकलास. त्यातल्या एकीवर राइट क्लिक करून 'एक्स्पोर्ट डेटा' म्हण. एक जेसॉन फाइल उतरेल, ती नोटपॅडमध्ये उघड आणि 'फ्लॅग्ज' शोध. त्याखाली मॉड्यूलचं नाव असेल, आणि त्याखाली एचटीएमएलच्या टॅगांच्या गर्दीत तुझाच मजकूर: कोणत्या जहागीरदाराने किती सोन्याची नाणी कबूल केली होती, कोणत्या पुजारणीने काय लपवलं होतं. दिसायला भयंकर असतं, पण असतं. तुला जावास्क्रिप्ट येतं म्हणतोस, म्हणजे सगळ्या नोंदींमधून हा मजकूर काढून साध्या जर्नलमध्ये ओतणारा मॅक्रो (छोटा प्रोग्रॅम) ही तुझ्यासाठी एका संध्याकाळची गोष्ट आहे.

माहिती तिथे नसेल तर मॉड्यूलने ती वर्ल्डच्या सेटिंग्जमध्ये ठेवली असेल. तीही काढता येते, जरा जास्त खणावं लागतं.

बारावर परत जाता येईल का? प्रोग्रॅम मिळतो. तुझ्या खात्यातून जुनी आवृत्ती केव्हाही उतरवता येते. पण तेराने एकदा रूपांतर केलेलं वर्ल्ड बारा उघडत नाही. रूपांतर करण्याआधी सॉफ्टवेअर बॅकअप घ्या म्हणून बजावतं, आणि शुक्रवारी रात्री बारा वाजता आपण ती सूचना क्रिकेटच्या जाहिरातीसारखी पुढे ढकलतो. तेव्हा मागच्या काही वर्षांत लॅपटॉप बदलला होतास का, जुन्या हार्ड डिस्कवर काही पडलंय का, ते शोध. दीड वर्षापूर्वीची प्रत मिळाली तरी उरलेली कसर व्हॉट्सअ‍ॅपवरून भरता येईल. ग्रुपात कोणीतरी सेशननंतर 'मागच्या भागात' लिहीत असतंच. तुमच्यात जो कोणी लिहीत असेल, त्याला आज चहा पाज.

लढाईच्या ऑटोमेशनबद्दल मात्र मला फारसं वाईट वाटत नाही. त्यात तुमचं असं काही साठवलेलं नव्हतं. फायरबॉल या मंत्राचे आठ फासे, प्रत्येकाचा सेव्ह (वाचण्यासाठी टाकायचा फासा), वाचला त्याला निम्मं, हे शनिवारी तोंडाने करून बघा. लढाई लांबेल हे खरं. पण हिट पॉइंट (पात्राच्या जिवाचे गुण) आपल्या हाताने वजा करताना खेळाडू एकमेकांकडे बघतात, आणि स्क्रीन स्वतःच आकडे उडवते तेव्हा फोनकडे बघतात, हे मी पुष्कळ टेबलांवर पाहिलंय.

आता भरवशाचं.

फाउंड्री २०२० च्या मे महिन्यात आली. एकदाच ५० डॉलर भरायचे, तेही फक्त डीएमने. बाकीचे ब्राउझरमधून येतात. सगळे घरात कोंडलेले असताना ती का पसरली ते वेगळं सांगायला नको. पण तिचं बळ वेगळंच आहे: कोणीही तिला आपला तुकडा जोडू शकतो. एखाद्याला आपल्या टेबलासाठी क्वेस्ट लॉग हवा होता. त्याने ऑफिसातून आल्यावर बसून लिहिला, आणि तुम्हालाही घ्या म्हणून ठेवून दिला. दुसऱ्याने पावसाचा आवाज केला, तिसऱ्याने दारं उघडण्याची सोय. काही तुकडे तर खेळाडूंना दिसतही नाहीत. दोन मॉड्यूल फाउंड्रीच्या एकाच फंक्शनमध्ये हात घालू लागली की त्यांची भांडणं सोडवायला लिबरॅपर नावाचं एक मॉड्यूल आहे. खेळाडूच्या ब्राउझरला डीएमच्या ब्राउझरकडून काही करून घ्यायचं असेल तर सॉकेटलिब आहे. ही दोन्हीही हौशी लोकांनीच केलेली आणि कितीतरी मॉड्यूल त्यांच्यावर उभी. तुझ्या ४७ मध्ये ही दोन नक्की असतील. कधी आली ते तुलाही आठवणार नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी मागून आली असतील.

आणि हे सगळं ज्या जमिनीवर उभं आहे ती सारखी सरकते. २०२२ मध्ये दहाव्या आवृत्तीने डेटाची मांडणी बदलली. कॅरेक्टरच्या आकड्यांपर्यंत जायचा कोडमधला रस्ता वेगळा झाला, आणि मॉड्यूलवाल्यांना आपल्या फाइलींत जिथे जिथे जुना रस्ता होता तिथे तिथे तो बदलत बसावं लागलं. पुढच्या वर्षी अकराव्या आवृत्तीत डेटाबेसच बदलला. २०२५ मध्ये तेरावीत फाउंड्रीच्या स्वतःच्या खिडक्या नव्या चौकटीवर गेल्या. जुनी मॉड्यूल त्या खिडक्यांवर जेक्वेरी या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीने बटणं टांगत होती, ती टांगायची खुंटीच गेली. तुझ्याकडे शुक्रवारी रात्री काय झालं त्याचं उत्तर मला वाटतं इथे आहे. बदल वाईट नव्हते, सॉफ्टवेअर सुधारायचं तर असं करावंच लागतं. फक्त फाउंड्रीच्या लोकांना त्या कामाचा पगार मिळतो. मॉड्यूलवाल्याला तेच काम फुकट करायचं असतं, आणि बऱ्याचदा त्याचं स्वतःचं कॅम्पेन केव्हाच संपलेलं असतं. मॉड्यूल पहिल्यांदा लिहिण्यात मजा असते. तेच मॉड्यूल चौथ्यांदा नव्या आवृत्तीवर चढवण्यात काडीची मजा नसते. तेव्हा 'याने सोडलं कसं' यापेक्षा 'याने इतकी वर्षं केलं कसं' हा प्रश्न मला जास्त पडतो.

मग कंपनीचं घ्यावं का? घ्या, पण कशासाठी ते नीट ठरवून. काही बसवायचं नाही, लॅपटॉप चालू ठेवायचा नाही, घरचं फायबर बाहेरच्यांना थेट आत येऊ देत नाही म्हणून आडवाटा काढत बसायचं, हेही नाही, असं हवं असेल तर रोल२० हे कंपनीचं ऑनलाइन टेबल बरं. २०१२ पासून आहे, फुकटात सुरू करता येतं. तुमच्या डब्लिनवाल्याला दुपारी लिंक मिळाली की तो आत. या सुखासाठी पैसे मोजायला माझी काहीच हरकत नाही.

पण कायमपणासाठी कंपनीकडे जाणार असाल तर जरा थांबा. गूगल प्लसवर जुन्या पद्धतीच्या खेळांची केवढी मोठी मंडळी जमली होती. नियम, नकाशे, चार-चार वर्षांच्या चर्चा. २०१९ च्या एप्रिलमध्ये गूगलने ते सर्वसामान्यांसाठी बंद केलं आणि सगळे पांगले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये डी अँड डीच्या अधिकृत साइटने, डी अँड डी बियाँडने, जाहीर केलं की कॅरेक्टर शीटवरचे जुने स्पेल आणि जादूच्या वस्तू नव्या नियमांप्रमाणे बदलून टाकणार. लोकांनी पैसे देऊन घेतलेली पुस्तकं होती ती. आरडाओरडा झाल्यावर निर्णय मागे घेतला, पण ओरडावं लागलं. त्यांचंच सिजिल नावाचं त्रिमितीय टेबल २०२५ मध्ये आलं आणि मार्चमध्ये ते बनवणाऱ्या चमूतल्या बहुतेकांना घरी पाठवलं. त्याआधी २०२३ च्या जानेवारीत विझर्ड्स ऑफ द कोस्ट या डी अँड डीच्या मालक कंपनीने, इतरांनी त्यावर आधारित साहित्य करण्याच्या परवान्याचा जो मसुदा काढला होता, त्यात ऑनलाइन टेबलांसाठी वेगळं धोरण होतं. मॅजिक मिसाइल हा मंत्र मॅपवरून उडताना दाखवणारं अ‍ॅनिमेशन म्हणजे टेबलटॉप नव्हे, असं त्यात चक्क लिहिलं होतं! महिना संपायच्या आत माघार घेऊन त्यांनी मूळ नियमांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सोडला. तोपर्यंत किती मॉड्यूलवाल्यांची झोप उडाली असेल, विचार कर.

याच्या उलट मॅपटूल हे ऑनलाइन टेबल बघ. जावामध्ये लिहिलेलं, दिसायला जुनाट, पूर्णपणे हौशी लोकांनी चालवलेलं, कोड सगळ्यांना खुला. गूगल प्लस जन्माला यायच्या आधीपासून आहे आणि ते गेल्यावरही आहे. पाथफाइंडर या डी अँड डीसारख्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीची फाउंड्रीवरची सिस्टिमही (खेळाचे नियम चालवणारा भाग) अशीच स्वयंसेवकांच्या चमूने सांभाळलेली आहे, आणि पायझो या पाथफाइंडरच्या कंपनीची अधिकृत, विकत घ्यायची साहसं तिच्यावरच चालतात. तेव्हा फुकट की पैशाचं, ही विभागणी आपल्या कामाची नाही. मी तीन गोष्टी बघते. कोड किती जणांच्या हातात आहे. शेवटची दुरुस्ती कधी झाली. आणि माझा मजकूर त्यातून साध्या स्वरूपात बाहेर काढता येतो का. शेवटच्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर आलं तर पहिल्या दोन उत्तरांना माझ्या लेखी काही किंमत नाही. तुझ्या क्वेस्ट लॉगचा लेखक उत्साही होता, कोड चांगला होता, पण माणूस एकच होता. चार वर्षांची गोष्ट तू एकाच माणसाच्या रात्रींवर ठेवली होतीस आणि हे त्याला माहीतही नव्हतं.

डिस्कॉर्डवर बॉटने खेळू म्हणणाऱ्याला हेही सांग. तेही हौशीच आहे, फक्त तिथे मॉड्यूलची यादी दिसत नाही. पायथॉनमध्ये लिहिलेले कितीतरी बॉट डिस्कॉर्ड डॉट पीवाय या एका लायब्ररीवर उभे होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिच्या लेखकाने काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. २०२२ च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू केलं, पण मधले महिने बॉटवाले पर्याय धुंडाळत होते. त्याच वर्षी डिस्कॉर्डने बॉटना लोकांचे मेसेज सरसकट वाचायला बंदी केली, त्यामुळे मोठ्या बॉटना जुन्या पद्धतीच्या आज्ञा सोडून स्लॅश कमांडवर (तिरप्या रेघेने सुरू होणाऱ्या आज्ञांवर) यावं लागलं. नोव्हेंबरात हेरोकू या होस्टिंग सेवेने फुकट होस्टिंग बंद केलं, त्यावर चालणारे लहानसहान बॉट एका दिवसात मुके झाले. अव्राई या डी अँड डीच्या बॉटचं नशीब चांगलं. एका माणसाने सुरू केलेला तो बॉट पुढे डी अँड डी बियाँडने आपल्याकडे घेतला. सगळ्यांच्या वाट्याला असं येत नाही.

एवढं ऐकून तू म्हणशील, मग करू काय? ४७ ची यादी समोर घे आणि प्रत्येकासमोर एकच गोष्ट लिही: हे शनिवारी नऊ वाजता मेलं तर साडेनऊला खेळता येईल का? पावसाचा आवाज, रंगीत फासे, टोकनभोवतीच्या झगमगत्या कडा, सगळ्यांना 'हो' येईल. ती कितीही ठेव, माझा काही आक्षेप नाही, मीही फाशांच्या रंगावर जीव टाकणारी आहे. ज्यांना 'नाही' येईल ती चार-पाचच निघतील. त्यांचीच काळजी घ्यायची. त्यांची पानं महिन्यातून एकदा बघ, त्यांच्यातला मजकूर साध्या जर्नलमध्येही ठेव, आणि त्यांना कुलूप लाव. फाउंड्रीच्या सेटअपमध्ये तशी सोय आहे, म्हणजे 'सगळं अपडेट करा' हे बटण चुकून दाबलं गेलं तरी ती हलत नाहीत. मॉड्यूलच्या माहितीत 'व्हेरिफाइड' म्हणून एक आकडा असतो. लेखकाने ते कोणत्या आवृत्तीपर्यंत स्वतः चालवून पाहिलंय, तो हा आकडा. तुझी चार-पाच जोवर नव्या आकड्यावर येत नाहीत तोवर तू जुन्यावरच राहायचं. स्वतःच्या लॅपटॉपवर चालवण्याचा सगळ्यात मोठा फायदाच हा, की अपडेट कर म्हणून कोणी तुझा हात धरत नाही. कॅम्पेन संपेपर्यंत बारावरच राहिला असतास तरी काही बिघडलं नसतं.

बॅकअप दर सेशननंतर, फाउंड्री बंद करून, लॅपटॉपच्या बाहेर. त्याच लॅपटॉपवर ठेवलेल्या कॉपीला बॅकअप म्हणू नये. आणि एक आणीबाणीचं साधन आधीच ठरवून ठेव. आउलबेअर रोडिओ त्यासाठी छान आहे. लिंक पाठवायची, नकाशा टाकायचा, टोकन सरकवायचे, बस्स. तेही लहानशा चमूचं आहे, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीत नकाशे तुमच्या स्वतःच्याच ब्राउझरमध्ये साठत होते, म्हणजे ब्राउझर साफ केला की गेले. म्हणूनच म्हटलं, तिथे काही ठेवायचं नाही, एक रात्र काढायची.

आता त्या माणसाचं.

तुमच्या रोगच्या एका वाक्याने त्याने सोडलं का? फक्त त्याने नाही. नोकरी आणि मूल एका आठवड्यात उगवत नाहीत, तो आधीपासूनच कडेला आला असणार. पण त्याच्या पानावर त्या आठवड्यात काय काय आलं असेल ते डोळ्यांसमोर आण. नवी आवृत्ती आली की अशा पानांवर रांग लागते: 'चालत नाही', 'कधी होणार', 'अजून नाही?', आणि मग तुमचं 'चार वर्षं वाया गेली'. दमलेल्या माणसाला सोडायला एक कारण पुरत नाही, पण शेवटी वाचलेलं वाक्य कोणतं होतं ते लक्षात राहतं. तुमचं वाक्य त्या ढिगात होतं, आणि ते वाईट होतं. रोगला हे तू सांगायचं, डीएम म्हणून नाही, मित्र म्हणून, आणि ग्रुपवर नाही, फोनवर. चिडलेला तो एकटाच नव्हता. त्याने लिहिलं तेव्हा बाकीच्यांपैकी कोणी अंगठा दाखवला होता का, तेही जरा आठवून बघा.

माफी मागायची तर कशी? बंद केलेल्या रिपॉझिटरीवर काही लिहिता येत नाही, आणि ती बंद करण्यामागे तोच हेतू असतो. त्याचा मेल शोधून काढू नका, ऑफिसच्या पानावरून तर मुळीच नको. फाउंड्रीच्या डिस्कॉर्डवर तो अजून त्याच नावाने वावरत असेल तर रोगने दोन ओळी लिहाव्यात: मी जे लिहिलं ते चुकीचं होतं, तुझं मॉड्यूल आम्ही चार वर्षं वापरलं, आभार. 'पण' नको. लिंक नको. 'परत सुरू करशील का' तर अजिबात नको. उत्तर आलं नाही तर विषय संपला.

तीन डॉलरचं तुला टोचतंय, ते मी समजू शकते. पण ती एएमसी नव्हती. त्याने आधीच करून ठेवलेल्या कामाचे ते आभार होते, आणि तू ते मानलेस हे चांगलं केलंस. अशा मॉड्यूलांच्या परवान्यात बहुधा स्पष्टच लिहिलेलं असतं की हे आहे तसं मिळतंय, कसलीही हमी नाही. यापुढेही दे. फक्त देताना मनात पावती फाडू नकोस.

पैशापेक्षाही जास्त उपयोगाचं एक काम तू करू शकतोस आणि ते फार थोडे लोक करतात: तक्रार नीट लिहिणं. 'अपडेटनंतर काहीच चालत नाही' या वाक्याचा लेखकाला काडीचा उपयोग नाही. आधी दोषी कोण ते शोध. त्यासाठी 'फाइंड द कल्प्रिट' नावाचं मॉड्यूलच आहे. ते दर फेरीला निम्मी मॉड्यूल बंद करतं आणि विचारतं, बिघाड अजून आहे का? ४७ मधून एकावर यायला साधारण सहा फेऱ्या लागतात, एक चहा होतो तेवढ्यात. मग फक्त ते एक मॉड्यूल चालू ठेवून रिकाम्या वर्ल्डमध्ये तीच गोष्ट पुन्हा घडवून बघ. घडली तर लिही: फाउंड्रीची आवृत्ती, सिस्टिमची आवृत्ती, मॉड्यूलची आवृत्ती, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि एफ१२ दाबल्यावर कन्सोलमध्ये दिसलेली लाल ओळ जशीच्या तशी. हाच बिघाड आधी कोणी नोंदवला असेल तर नवा धागा उघडू नकोस. असं लिहिणारा माणूस आला की लेखकाची निम्मी रात्र वाचते. ज्याच्या कामावर आपलं शनिवारचं टेबल उभं आहे त्याची एखादी रात्र वाचवता आली तर वाचवावी.

फोर्क तूच करावास का? आधी दोन गोष्टी बघ. रिपॉझिटरीत परवान्याची फाइल आहे का, आणि ती एमआयटी परवान्यासारखी मोकळी आहे का. फाइलच नसेल तर 'हवं त्याने फोर्क करा' हे त्याचं वाक्य जपून ठेव आणि त्याचं नाव कुठेही पुसू नकोस. दुसरं, कोणी आधीच हात घातलाय का. लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी फाउंड्री व्हीटीटी डेव्हलपर्स नावाची एक मंडळी आहे, सोडून दिलेली मॉड्यूल दत्तक घेणं हा त्यांच्या कामाचा एक भाग. तिथे विचारल्याशिवाय सुरुवात करू नकोस. सहा जणांनी सहा फोर्क केले की वापरणाऱ्यांना कोणता घ्यावा ते कळत नाही.

कोणीच नसेल तर कर, पण आधी फक्त तुमच्या टेबलापुरता. तुटलेली खुंटी बदल, डब्लिनवाल्याला आत घे, दोन-तीन शनिवार चालवून बघ. सगळ्यांसाठी ठेवायचं मन झालंच तर पानाच्या सगळ्यात वर लिही की तू हे कोणत्या आवृत्तीपर्यंत सांभाळणार आहेस, आठवड्यातल्या कोणत्या दिवशी उत्तरं देणार आहेस, आणि बाकीच्या दिवशी देणार नाहीस. शनिवार त्यात धरू नकोस.

— ताई